मादी, अकरा सेंटिमीटर

आयला किवेलाच्या टेबलावर आज एकोणचाळीस पर्च.
पिवळ्या अंगावर काळे पट्टे, जणू कुणी
शाईच्या बोटांनी घट्ट धरलं आणि सोडून दिलं.

ओंटारिओच्या उत्तरेला, डांबरी रस्ता संपल्यावरही
दीड तास उरतो, तिथलं हे तळं.
नाव नाही, नुसता आकडा.
दोन उन्हाळे काठावरच्या पंपानं त्यात चांदी सोडली,
एका केसाच्या जाडीत हजार कण
शेजारी शेजारी बसतील इतकी बारीक.
पाणी गढुळलं नाही.
लून पक्षी रात्री ओरडायचा, तसाच ओरडत राहिला.

डेल्बर्ट होडी आणतो, जाळं सोडवतो.
"मेले का गं?" पहिल्या वर्षी त्यानं विचारलं.
"नाही."
दुसऱ्या वर्षीही नाही.
यंदा तो विचारत नाही,
बादली ठेवतो आणि म्हणतो, हलकी लागते.

मासा पाणी कधी पितो, कुणाला कळत नाही म्हणतात.
गोड्या पाण्यातला तर जवळजवळ पीतच नाही.
पाणीच शिरतं त्याच्यात
कल्ल्यांच्या लाल झालरीतून,
दिवसरात्र, न विचारता.

ती झालर आयला कात्रीनं उचलते.
सुजलेली. पाती एकमेकींना चिकटलेली,
श्वासाला फट उरलेली नाही.
यकृत, मसुराएवढं, वेगळ्या कुपीत.
मग कानातला खडा, तांदळाची कणी.
भिंगाखाली एक कडं म्हणजे एक वर्ष:
पहिलं रुंद,
दुसरं रुंद,
तिसरं नि चौथं इतकी लगटून
की ती पुन्हा मोजते,
चष्मा पुसून पुन्हा.

वहीत: मादी, अकरा सेंटिमीटर, वय चार.
शेऱ्याचा रकाना कोरा.

शनिवारी घरी, थंडर बेला.
पोराच्या हॉकीच्या पिशवीत नवे मोजे,
पाकिटावर छापलंय: चांदीचे धागे, वासापासून सुटका.
विकणाऱ्याची चांदी झाली असणार.
ती एक मोजा नाकाशी धरते.
येतोय की वास, चांगला सणसणीत,
तेरा वर्षांच्या पोराचा.

तरी मशीन लावते. दुसरं काय करणार,
सोमवारी सामना आहे.
धुणं फिरतं, थांबतं,
आणि भिंतीतल्या नळीतून पाणी उतरायला लागतं
खाली, सरोवराकडे.
आयला हात पुसत उभी राहते,
आवाज संपेपर्यंत.