एक जून

शाळेच्या दाखल्यावर आमच्या वर्गातल्या एकवीस जणी
एकाच दिवशी जन्मल्यात. एक जून.
गुरुजींनी लिहिलं, पोर पहिलीत बसली, संपलं.
आईला विचारलं तर म्हणते, कारखान्याचा पट्टा पडायच्या आधी.
तुला पाचटावर निजवलं अन् मोळ्या बांधाया गेले.
तारीख कोन बगतंय बाई, थंडी लई होती.

थंडी लई होती.
हा दाखला कुठल्याच फाइलीत लागत नाही.

शिबिरात त्यांनी डावा हात काचेवर ठेवायला लावला.
बोटं पसर, हलू नको.
मी गोलकीपर; बोटं पसरायला मला सांगावं लागत नाही.
पडद्यावर माझाच हात, मांस काढून टाकल्यासारखा,
आणि डॉक्टर पेनच्या टोकानं मनगटापाशी काही शोधत:
इथं फट असायला हवी होती. बुजलीये.
सतरा उलटलेत हिचे.

फट बुजव, फट बुजव,
धारूरच्या किल्ल्याखालच्या मुरमाड मैदानावर
तिडके मॅडम चार वर्षं हेच ओरडत होत्या,
खांब आणि तुझ्यामधली फट बुजव, गंगासागर.
बुजवली की मॅडम.

निघताना हातमोजे तहूराला दिले.
ती केजची, अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात जन्मलेली;
तिच्या दाखल्यावर वेळसुद्धा आहे, पहाटे चार चाळीस.
तिचे मोजे फाटले होते, एवढंच.
रागानं दिले का मायेनं, ते परळीपर्यंत ठरलं नाही,
आणि परळीहून एसटीत उभं राहावं लागलं.

आज मामाच्या वखारीत सीताफळं निवडायलेय.
डोळे उघडलेलं फळ जवळच्या बाजाराला,
मिटलेलं क्रेटमध्ये, हैदराबादला.
फळाचं वय हातालाच कळतं,
कुणी कागद मागत नाही.

क्रेटला टेकवलेला मोबाईल, मोबाईलमध्ये
आपल्यापेक्षा अर्धाच तास पुढे असलेल्या देशातलं
हिरवंगार मैदान, आणि तोंडातून वाफ सोडणाऱ्या मुली.
तीन देशांचा गट. पहिला तेवढा पुढे जाणार.
आपले गोल जास्त, आज बरोबरी पुरे,
हे मामाला तीनदा सांगितलं.
तो म्हणाला, मग जिंकायचं कामून नाही?

अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला पेनल्टी.
तहूरा रेषेवर. डाव्या मोज्याच्या पट्टीवर
पेननं लिहिलेलं माझं नाव; इथून दिसत नाही, पण आहे.
तिची खोड मला ठाऊक, घाईनं उजवीकडे पडते.
थांब, मी म्हणाले.
थांब गं, तिचा पाय बघ.
हातातलं फळ दाबलं गेलं, गर बोटांत,
आणि नेमकं तेव्हाच पडद्यावर ते चाक फिरायला लागलं.
मामानं काटा लावला होता. बावीस किलो, लिही म्हणाला.
लिहिलं.

चित्र परत आलं तेव्हा शिट्टी होऊन गेली होती,
सगळ्या जणी एकीच्या अंगावर पडल्या होत्या
आणि ढिगाखालून एक हात तेवढा बाहेर.
मोजा ओळखला.
मी ओरडले की नाही, आठवत नाही.
संध्याकाळी क्रेट मोजताना एक कमी भरला,
दोनदा मोजला तरी.

रात्री तिचा फोन.
बॉल मनगटावर बसला, डाव्या. सुजलंय.
उद्या एक्सरे काढणारेत.
भ्यायलीस का, विचारलं.
नाही म्हणाली. मग थोड्या वेळानं, हो.

मी म्हणाले, काही नसतं.
काच गार लागते तेवढी.
बोटं पसर,
हलू नको.