गच्चीवरून जाणारं

महिरावणीच्या गच्चीवर, टाकीच्या शिडीला
पगारेच्या पोरानं एक राखाडी डबा बांधून दिला.
वर वीतभर अँटेना, शेजारी वहीएवढी सोलर पाटी,
कडेनं एम-सील, ते मी स्वतः लिंपलं.
सिमकार्ड नाही, बिल नाही, टॉवरशी देणंघेणं नाही.
"काका, हा नुसता ऐकतो आणि पुढे सांगतो.
अंजनेरीवरून निघालेलं इथं उतरतं,
इथून पांडवलेण्याच्या डोंगरावर, तिथून शहरात.
तीन उड्यांत पोचलं तर पोचलं."

मधल्यामधे मला वाचता येतं का, मी विचारलं.
"किल्ली नसेल तर नाही."
बरं, म्हटलं. हे काम मला येतं.

चौतीस वर्षं नाशिकरोडला नोटांच्या प्रेसमध्ये.
करकरीत थप्प्या ह्या हातातून त्या हातात.
शाईचा वास घरी यायचा, नोट कधी आली नाही.
सुटताना गेटवर हात वर करून उभं राहायचं,
डब्यातली उरलेली पोळीसुद्धा उलटून बघायचे.
काहींना राग यायचा.
मला वाटायचं, मोजणं आपलं, माल दुसऱ्याचा,
रात्री झोप तर लागते.

ती झडती मी घरी आणली, तिथं चुकलं.

ऋजुता गिधाडांची घरटी मोजायला डोंगरात जाऊ लागली
तेव्हा तिच्या फोनमध्ये, न सांगता, एक काहीतरी टाकून घेतलं.
कुठल्या वळणावर, किती वाजता, किती वेळ थांबली.
कळलं तेव्हा ती ओरडली नाही.
उंबऱ्यात दोन्ही हात वर करून उभी राहिली,
"घ्या," म्हणाली.
मी काही घेतलं नाही.
तिनं सॅक उचलली.

आता रात्री डब्यातला हिरवा ठिपका लुकलुकतो.
मजकूर दिसत नाही, पाठवणाऱ्याचा नंबर दिसतो:
नऊ, डी, चार, शून्य.
ती.
कुणाला, ठाऊक नाही.
कपारीत पिल्लू दिसलं असेल.
दुर्बिणीची काच फुटली असेल.
म्हाताऱ्याचा गुडघा कसा आहे, असं पगारेच्या पोराला
विचारत असेल, किंवा नसेलही.
माझ्या डोक्यावरून जातं, माझ्याच बॅटरीवर,
आणि मी खाली गादीवर, हात बाजूला ठेवून.

श्रावणात पाच दिवस ऊन पडलं नाही.
अडीच वाजता शिडी चढलो, पिशवीत पॉवरबँक,
दातांत टॉर्च.
वायर एका चिमटीत काढून टाकता आली असती,
हे तेव्हा डोक्यात आलं, खोटं कशाला बोलू.
जोडली.
बराच वेळ काही नाही.
मग ठिपका लागोपाठ अकरा वेळा लुकलुकला.
कुणाचं तरी काही तरी
पलीकडे डोंगरात ताटकळलेलं होतं.

परवा माझ्या फोनच्या नकाशावर एक निळसर वर्तुळ आलं.
पोरगा म्हणाला, "किल्ली दिलीय तिनं तुम्हाला.
पण नेमकी जागा नाही पाठवत. अंदाजे.
तीन किलोमीटरचा घेर."

त्या घेरात अंजनेरीचा कडा येतो,
पहिन्याची बारी येते, एक तळं,
ब्रह्मगिरीची अर्धी पाठ,
आणि ह्यात कुठेतरी ती, चहा गाळत किंवा बूट वाळवत.
पूर्वी मला ठिपका लागायचा, त्यावर बोट ठेवायला.
हा घेर बोटाखाली मावत नाही.
तळहात ठेवावा लागतो.

रात्री मीही एक ओळ लिहिली:
बॅटरी ब्याण्णव टक्के.
पहिल्यांदा गेली नाही. दुसऱ्यांदाही नाही.
तिसऱ्यांदा बारीकशी खूण आली, पोचलं.

वाचलं का, ते हे यंत्र सांगत नाही.
सांगू नये.