विचलनाचा रकाना

पुस्तिकेत लिहिलं होतं : रुग्णाला मीठ कमी करायला सांगा.
दुलामसुरेन म्हणाली, सांगितलं की. तीन वर्षं सांगितलं.
पण जिगजिद म्हातारा मीठ घालतो कुठे?
घालते त्याची सून,
पहाटे, चुलीवरच्या कढईभर दूधचहात,
एकाच मुठीनं नऊ जणांसाठी.

म्हणून म्हाताऱ्याला सोडून
ती सुनेशेजारी जाऊन बसली.
त्या तंबूत चमचे दोन, दोन्ही वेगळ्या मापाचे.
तेव्हा पोरांच्या खेळातलं मेंढीच्या घोट्याचं हाड उचललं.
त्याच्या एका कुशीला खळगा असतो :
तो सपाट भरेल एवढंच, कढईला.
सून नुसती हसली.
पुढच्या खेपेला ते हाड
मिठाच्या पिशवीत होतं, धुतलेलं.

मी राजधानीतून आलो होतो निष्ठा मोजायला.
पुस्तिकेप्रमाणे किती, पुस्तिकेबाहेर किती.
एकोणीस प्रश्न, पुढे हो किंवा नाही,
आणि उजव्या कडेला एक अरुंद रकाना : विचलन.

दर दोन आठवड्यांनी तपासणी?
तिच्या वहीत तारखाच नाहीत.
'बकऱ्यांची लोकर विंचरताना.' 'शिंगरं बांधली की.'
'हिवाळी तळावर पोचले, तर.'
रोज अर्धा तास चालण्याचा सल्ला?
एकदा दिला, म्हणाली. बाहेर उणे पस्तीस,
आणि तो नुकताच हरवलेली घोडी शोधून परतला होता.

रकाना भरला. मी समासात लिहू लागलो.

रक्तदाबाचा पट्टा थंडीत लाकूड होतो,
म्हणून ती तो झग्याच्या आत, छातीशी धरून नेते,
घोड्यावरून तीन-तीन तास,
अशक्त कोकरू न्यावं तसा.
हे कुठल्याच निबंधात नाही.

जिगजिदचा दाब उतरला का?
थोडा. वसंतात पुन्हा चढला.
नातू ते हाड पैजेत हरला होता.

खाल्ल्या मिठाला जागणारे मोजता येतात.
न खाल्लेल्या मिठाला कोण जागलं,
त्याला माझ्याकडे प्रश्नच नव्हता.
पुढे अहवालात मी एक ओळ टाकली :
स्थानिक परिस्थितीनुसार किरकोळ बदल.

निघताना तिनं माझीच बाही वर सारली.
पट्टा ऊबदार होता.
एकशे बावन्न, म्हणाली. मग विचारलं,
तुझ्या घरी मीठ कोण घालतं?