कबूल रक्कम

मुंबईच्या मामूला सांगितलं, सोनापूरला राहतो,
तर फोनवर तो क्षणभर गप्पच झाला.
तिकडे सोनापुरात माणसं पोचवून परत येतात.
इथे ती दुबईच्या कडेची वस्ती आहे, लेबर कॅम्पांची.
बसच्या पाटीवर मुहैसना लिहितात,
आणि आम्ही रोज पहाटे तिथून उठून कामावर जातो.

काम सोपं. मदतीचं गोदाम, एसी चालू.
रॅक जे-सात ते जे-अकरा माझ्याकडे:
तंबू, ताडपत्र्या, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या,
त्या वर्षी मास्क, आणि मार्चअखेर
प्राणवायूची यंत्रं, नऊशे साठ.
प्रत्येक खोक्यावर देणाऱ्याचा झेंडा
आणि घेणाऱ्याचं बंदर.
खेडच्या शाळेत मराठीतून शिकलेला मी,
साहेबाच्या तक्त्याला माझ्यापुरती नावं दिली होती:
कबूल. जमा. रवाना.

कबूल काठोकाठ असायचं.
कुठेतरी पडद्यावर मंत्री एकामागून एक बोलत,
प्रत्येकाच्या मागे पुस्तकांचं कपाट,
आणि सकाळी माझ्या तक्त्यात शून्यं वाढलेली.
जमा मात्र घरून निघालेल्या माणसासारखं,
वाटेत कुठे बसलंय कळेना.
यंत्रांचे पैसे आले होते, विमानाचे नव्हते.
विमानं उडत नव्हती,
उडत होती ती चौपट मागत होती.
आमच्यात तीनदा कबूल म्हटलं
की काझी रजिस्टर मिटतो, संसार सुरू होतो.
इथे तर दर परिषदेला म्हणत होते.

मोफिजुलला खोकला लागला तो सोळाव्या रोज्याला.
खोली एकोणीस, आठ बिछाने,
तो माझ्या वरच्या बंकवर.
रात्री त्याचा श्वास लोखंडातून खाली यायचा,
ओल्या वाळूवरून कुणी होडी ओढावी तसा.
ॲम्ब्युलन्सला तीन तास लागले.
माझ्या कमरेला जे-सातची किल्ली.
सांगून ठेवतो, मी काही केलं नाही.
खोक्यावर एडनचं नाव होतं.
एडनलाही कुणीतरी वरच्या बंकवर असेलच.
हे मी तेव्हा म्हटलं स्वतःला की नंतर,
आता नक्की आठवत नाही.

त्याला प्रदर्शनाच्या हॉलात मांडलेल्या खाटांवर नेलं.
बरगुन्याला त्याच्या बायकोला टेकबहादूरनं फोन केला,
मोडक्या हिंदीत.
तिनं तब्येतीचं विचारलं. पुन्हा विचारलं.
मग म्हणाली, या महिन्याचे...
आणि थांबली.

शाजीच्या कपाटावर निडोचा रिकामा डबा होता.
तो खाली आला, एवढंच. कुणी भाषण केलं नाही.
लंकेचा रोशन आंघोळीहून आला तो ओल्या हातानंच टाकून गेला.
तीन महिने पगार न मिळालेल्या गुलजमीनकडे पैसे नव्हते,
त्यानं रिचार्जचं कार्ड टाकलं, न खरवडलेलं.
भिंतीवर मी पेन्सिलीनं एकच रकाना आखला.
कबूलला जागा ठेवायचं सुचलंच नाही.
देणारे देश चार झाले, हे फार उशिरा लक्षात आलं.

चारशे पंचेचाळीस दिरहम आणि ते कार्ड.
कार्ड शाजीनं विकत घेतलं, मग चारशे पासष्ट.
एक्सचेंजवाल्यानं हातमोज्यांनी नोटा मोजल्या,
थबकला, मास्क खाली ओढून एक नोट हुंगली.
दूध? म्हणाला.
मी म्हटलं, पावडर.

एडनचं विमान अकरा जुलैला सुटलं.
रवानात मी नऊशे अठ्ठावन्न लिहिले,
दोन फोर्कलिफ्टखाली आली होती.
मोफिजुल त्याआधीच परतला होता, अर्धा होऊन.
त्याला शिडी चढवत नाही,
म्हणून वरच्या बंकवर आता मी झोपतो.
पंखा जवळ आहे. बरं आहे तसं.
फक्त खालून काहीच ऐकू येत नाही,
तेव्हा मध्येच वाकून बघतो.