राखीव

नोटीस सकाळी चिकटवली, दुपारी खरवडून काढली,
दुसऱ्या दिवशी त्याच भिंतीवर, त्याच खळीनं, पुन्हा.
पोस्टमास्तर म्हणाला, आता मात्र नक्की.
मग अर्धे बटाटे जमिनीतच ठेवून माणसं निघाली.

मी कारकून. शाळेच्या व्हरांड्यात
पोरांच्या बाकावर गुडघे मुडपून बसलो.
दौत कुणीतरी नेलेली, म्हणून
जिभेवर ओली केली की जांभळी उमटते ती पेन्सिल.
दिवसभर नावं चाटत होतो म्हणा ना.
हिलारी ग्वोझ्द, सुतार. मेंडेल शाफिर, घड्याळजी.
ओनुफ्री हावरिलुक, त्याला माझी भाषा अर्धी कळे
आणि मला त्याची पाव.

डिव्हिजनला आकडा होता.
झेंडा यायचा होता. तोफा यायच्या होत्या.
दुसरी रेजिमेंट आगगाडीनं यायची होती,
ती गाडी कुठल्याशा पुलाच्या अलीकडे
अजून उभी आहे, असं कळलं.
मग उभी नाही, असं कळलं.

हेल्मेट दोघांत एक.
रायफली पेटीतून निघाल्या त्या ग्रीसमध्ये मुरलेल्या.
पुसायला चिंधी नाही. मुख्याध्यापिकेनं
नाटकाचा पडदा फाडून दिला,
निळा, त्यावर चंदेरी तारे.
तीन दिवस आमच्या नळ्यांतून तारे निघत होते.

स्रोका नावाची घोडी, अर्धी काळी, अर्धी पांढरी.
मालकाला पावती दिली, शिक्का मारून.
तो पावतीकडे बघत उभाच.
म्हणाला, हिला डावीकडून हाक मारा,
उजव्या कानानं ऐकू येत नाही.
तेही लिहिलं, तसा रकाना नव्हता तरी.

राखीव म्हणजे काय हो, शाफिरनं विचारलं.
लेफ्टनंट एकवीस वर्षांचा. म्हणाला, जे शेवटी काढायचं ते.
ग्वोझ्द म्हणाला, आमच्याकडे राखलेलं म्हणजे बियाणं.
उंदीर आधी तेच खातात.
कुणी हसलं नाही. मग सगळेच हसले.

पाचव्या रात्री निघालो, पश्चिमेला.
वाटेत हुकूम फिरला, आम्हीही फिरलो.
रस्ताभर गाद्या, बाबागाड्या, कोंबड्यांचे खुराडे,
एका कठड्याला टेकवलेलं भिंतीवरचं घड्याळ.
शाफिर रांग सोडून थांबला,
त्याला चावी दिली, काटे जुळवले,
धावत येऊन पुन्हा रांगेत लागला.
आभाळ इतकं कोरडं की म्हातारे त्याला शिव्या घालत होते,
चिखल झाला असता तर रणगाडे रुतले असते म्हणून.
पण सप्टेंबर निळाच राहिला,
त्या पडद्यासारखा.

त्या दुपारचं मी लिहीत नाही.
एवढंच, की विमानं आली तेव्हा
स्रोकाला कुणीतरी उजवीकडून हाक मारली.

जंगलात हुकूम आला: कागद जाळा.
नावं जाळली. नावं लवकर जळतात, कागद पातळ असतो.
पावत्यांच्या स्थळप्रती जाळल्या. शिक्का पुरला.
एक पान राहिलं, बुटांच्या मापांचं.
मला मिळालेले बूट दोन बोटं मोठे,
म्हणून ते घडी घालून आधीच तळव्याखाली सारलं होतं.

एकोणिसाव्या दिवशी बूट काढला.
पानाचा लगदा झालेला. तळवा जांभळा.
आकडे उलटे उमटलेले, घामानं फुटलेले.
त्यातला एक बेचाळीस जरा धड होता,
तो चोवीस वाटत होता.
चोवीस म्हणजे पोराचं माप.
एवढ्या लहान पायाचा आमच्यात कुणीच नव्हता.

ओढ्यात पाय धुतला. वाळूनं घासला.
शेजारी हावरिलुक बसला होता, बघत.
त्याच्या भाषेत लांबलचक काहीतरी बोलला.
पाव कळलं.
राहू दे, म्हणाला.