पांढरा गोळा

नगरच्या लिलावात आत्यानं बोट वर केलं
आणि खाली करायची विसरली.
तेवढ्यात शक्तिमान आमचा झाला.

पावतीवर कारकुनानं 'प्रयागराव' लिहिलं.
आत्यानं त्याच्याच खिशातला पेन घेतला,
'राव' खोडून 'बाई' केलं,
तिडके आडनाव तेवढं राहू दिलं.

धारूरच्या घाटात गाड्या पडतात.
लातूरचे क्रेनवाले यायला दिवस लावतात
अन् दहा हजार मागतात.
"आपण सहात ओढू," एवढाच आत्याचा हिशोब,
बाकी सगळं कर्ज मिस्त्रीच्या शब्दावर.

मुस्तकीम मिस्त्री स्टेअरिंगला,
शेजारी आत्या, मांडीवर कागदांची पिशवी, शेंगांचा पुडा.
मी मागं मोटरसायकलवर,
दोन कॅन डिझेल, एक कॅन पाणी,
आणि हुकूम: काय गळतंय, काय पडतंय, बघत ये.

बघत आलो.
चिचोंडीला एक नट.
कड्याला रबराची पट्टी.
आष्टीच्या अलीकडं ताडपत्रीची दोरी,
तिला मारलेली गाठ माझ्यानं सुटली नाही.
आणि सगळ्या वाटेवर, चेसीखाली, चाकांच्या मधोमध,
डिफ्रेन्शलचा गोळा: पांढऱ्या रंगानं रंगवलेला.
चिखल उडायच्या जागी पांढरा रंग!
म्हटलं, सरकारचा पैसा.

जामखेडला चहा सांगेपर्यंत माणसं गोळा.
"लढाई लागली का काय?"
"कितीला बसली?"
"अ‍ॅव्हरेज?"
मिस्त्री बशीतून मान वर न काढता म्हणाला,
"हत्तीला चारा विचारतेत का कुणी?"

सौताड्याच्या चढाला हत्ती खोकला
आणि बसला.
मिस्त्रीनं फिल्टर फुंकला, डिझेल थुंकलं,
अल्लाचं नाव घेतलं, मग जबलपूरच्या कारखान्याचं,
तेही शिवी देऊन.

ऊस टाकून परतणारा ट्रॅक्टर थांबला.
गहिनीनाथ नावाचं पोरगं, मिसरूड नुसतं फुटलेलं.
"ओढू का?"
आत्या खाली उतरली.
साखळी कुठं अडकवायची ते तिनंच दाखवलं.
"किती घेशील?"
"द्या की काय द्यायचं ते."
"असं म्हणू नाही. धंदा हाय.
आधी दर सांगावा, मंग साखळीला हात लावावा."
पोरगं लाजलं, दीड हजार म्हणालं.
आत्यानं बाराशे मोजले.

ओढता ओढता मिस्त्रीनं गिअर टाकला,
अर्ध्या चढात धक्का बसून इंजिन लागलं,
आता ट्रॅक्टरच ढकलला जातो का, अशी पाळी.

पाटोदा मागं पडलं, अंधार पडला,
आणि माझ्या मोटरसायकलचा दिवा गेला.
हॉर्न वाजवला. ओरडलो.
शेवटी पुढं घालून हात केला.
मिस्त्रीनं बोर्डावरची बटणं एकामागं एक दाबली.
एकानं वायपर हलले.
दोहोंनी काहीच नाही.
चौथ्यानं चेसीखाली लिंबाएवढा दिवा लागला
आणि पांढरा गोळा उजळला.

"काफिल्याचा दिवा," मिस्त्री म्हणाला.
"वरून इमानाला दिसत नाही.
मागच्यानं एवढंच बघायचं.
पुढं काय हाय ते बघायचं नाही."

मग मी तेवढंच बघितलं.
मांजरसुंबा, नेकनूर, केज
गोळ्याच्या कडेनं निघून गेले.
कुठल्याशा बर्फात, झोप आवरत,
याच्यावर डोळे रोखून कुणी गेलं असेल,
त्यालाही पुढच्याची पाठ दिसली नसेल.
मला निदान शेंगांची टरफलं लागत होती तोंडावर,
म्हणजे आत्या जागी होती.

रात्री एकला धारूर.
फाटकातून गाडी जाईना.
रस्त्यावरच उभी केली, चाकांना दगड लावले.
आत्या मागं येऊन उकिडवी बसली,
गोळ्याच्या उजेडात नवी वही उघडली,
पहिल्या पानावर लिहिलं:
ओढणावळ, बाराशे, नावे.
जमेची बाजू रेघ मारून मोकळी ठेवली.

दिवा काही विझेना.
मिस्त्रीनं पुन्हा सगळी बटणं दाबली.
वायपर तेवढे हलत राहिले
कोरड्या काचेवर.