डाव्या हाताचा सत्तूर

पाटा तिनं रिक्षात घालून आणला,
गोणपाटात गुंडाळून, आजारी वासरू आणावं तसा.
"ह्यांच्या ट्रकाचा," म्हणाली. "खाण बंद झाली तेव्हापासून
अंगणात उभा. चाकांवर घोसाळ्याचा वेल चढलाय.
कमान मात्र ताठ आहे. बघ मेस्ता, काही होतं का."

साखळीच्या बाजारामागे माझी भट्टी.
विळे, कोयते, पारया, आदोळीची पाती,
सत्तावीस वर्षं जे जे ठोकलं
ते उजव्या हातासाठी ठोकलं,
हे मला माहीतच नव्हतं.

सुलक्षा गावसनं फळीवरचा सत्तूर उचलला, डाव्या हातात,
ओंडक्यावर एक घाव घातला आणि दाखवलं:
आत शिरता शिरता पातं बाहेर पळतं.
"लहानपणी आई ह्या हातावर पळी मारायची.
हातानं ऐकलं नाही. आता खाणावळ घातलीय,
दिवसाला बारा कोंबडे, वर इसवणीची डोकी,
आणि प्रत्येक तुकडा तिरका."

कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर तिचा पंजा ठेवून
पेन्सिल फिरवली. करंगळी वाकडी, कधीतरी मोडलेली.
वजन विचारलं तर म्हणाली,
"भरल्या तांब्याएवढं.
पण पुढं भरलेला, मागं रिकामा."
इतकं नेमकं माप मला कोणी दिलं नव्हतं.

करवंट्यांचा कोळसा फुलला. पाटा लाल झाला,
आणि इतक्या वर्षांचा बाक
चार घणांत सोडला त्यानं.
हे लोखंड मूळचं कुठलं?
इथली माती बार्जेत बसून मांडवीतून गेली,
कुठल्या कुठल्या मुलखात वितळली.
त्यातलीच मूठभर ट्रकाखाली बसून परत आली असेल
आपल्याच मातीची ओझी पेलायला.
असेल, नसेल. घणाला काय त्याचं.

जुन्या स्पीकरातलं चुंबक तारेला बांधून ठेवलंय मी.
ते चिकटेनासं झालं की बुडवायचं.
खोबरेलात चर्रर्र झालं, गल्लीभर वास,
आणि शेजारचा शिंपी नेहमीसारखा ओरडला,
"आज काय तळलं?"

मग पुन्हा शेक, सावकाश.
आधी गवताचा रंग, मग भाजल्या काजूच्या सालीचा,
मग कोकमाचा. कोकमावर थांबलो.
हाडाशी गाठ आहे, पात्याला थोडं नमतं घेता यायला हवं.

धार काढायला बसलो आणि अडलो.
उजवीकडची उतरण हाताला पाठ;
डावीकडची म्हणजे आपल्याच घरात
मागच्या दारानं शिरणं, दिवे गेलेले असताना.
दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा सवयीनं
उजवी बाजूच सहाणेवर टेकवली
आणि वाटलं, आता माझ्या मनगटावर
कोणीतरी पळी मारायला हवी.

मूठ माट्टीच्या लाकडाची.
करंगळीपाशी एक वेडीवाकडी खाच;
बघणाऱ्याला वाटेल, मेस्ताचा हात घसरला.

धारेची वस्तू हातात देत नाहीत. जमिनीवर ठेवली.
तिनं उचलली. काही बोलली नाही.
ओंडक्यावर घाव घातला.
सरळ.
मी घेऊन पाहिलं, उगाच, खात्री करायला.
माझा तिरका गेला.
तशी मोठ्यानं हसली: "बरं झालं!
आता शेजारीण उसना मागायची नाही."

पैसे मोजून पुढं केले,
डाव्याच हातानं. मग थबकली, हात बदलायला गेली.
मी तेवढ्यात घेतले.